डावीकडे वळायचं राहिलं

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला गप्प बसता येत नाही. समोरचा चुकतोय हे दिसलं की माझं तोंड सुटतंच. घरात याला सगळे सरावलेत. नवरा रिटायर झाल्यापासून माझा आवाज चढला की पेपर थोडा आणखी वर धरतो, एवढंच. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, सासूबाई गेल्या, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की घरात ओरडायला कुणी उरलेलंच नाही. तेव्हा मी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका गोडाऊनमध्ये कामाला लागले.

आमचं घर भिवंडीतलं जुनं. सासरे शाळेत मास्तर, नवरा कारकून. गोडाऊनमध्ये जाणार म्हटल्यावर जावेनं नाक मुरडलं. म्हणाली, "आता या वयात हमाली करणार का?" मी म्हटलं, "हो, आणि तुमचं पार्सल आलं की मुद्दाम आपटणार." हमाली वगैरे काही नव्हती. लोकांनी परत पाठवलेल्या वस्तू उघडून तपासायच्या, एवढंच माझं काम. लग्नात मिरवून झालेल्या साड्या हळदीच्या डागासकट परत यायच्या. नव्या मिक्सरच्या खोक्यात कुणीतरी आपला जळलेला मिक्सर भरून पाठवायचं. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. असं काम मला आधी का कुणी सांगितलं नाही, याचंच मला वाईट वाटलं.

जेवायला आम्ही चौघी एका टेबलावर बसायचो. मी एक. दुसरी आमची काकी, पूर्ण्याचीच, पॅकिंगला. तिची भातशेती होती तिथेच आता गोडाऊन उभं आहे. "तिसरा बेल्ट हाय ना, तटंच आमचा बांध व्हता," असं ती नव्या माणसाला कौतुकानं सांगते, आणि मग त्याच सरकत्या बेल्टपाशी बसून खोकी चिकटवते. तिसरी आपा. तिचा नवरा पॉवरलूमवर कामाला, घर भिवंडीतच. ती हिंदीत बोलायला लागते आणि रागावली की मराठीत येते. आणि चौथी आमच्यातली धाकटी. गणेशपुरीच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचा पाडा. तिशीची, बारीक चणीची. रॅकमधून माल काढून द्यायचं तिचं काम. डब्यात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची, आणि तिच्या डब्यावर आम्ही तिघी अक्षरशः तुटून पडायचो. बोलायची मात्र फार कमी. मी चौघींच्या वाटचं बोलत असल्यामुळे ते कुणाला खटकत नव्हतं.

गणपती उठून गेले होते आणि गोडाऊनमध्ये दिवाळीच्या मालाची गर्दी सुरू झाली होती. तशात एका दुपारी धाकटी डबा न उघडताच बसून राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मॅनेजरनं बोलावला व्हता."

मी घाबरून विचारलं, "काय म्हणाला? काढलं की काय तुला?"

"न्हाय. सकालच्या शिफ्टची लीडर व्हतेस का, इचारलं."

आपानं आनंदानं टेबलावर अशी थाप मारली की ताक सांडलं. पण धाकटी हसेना. हळूहळू, तुटक तुटक तिनं सगळं सांगितलं. आमच्या चौघींत ती एकटीच सीझनपुरती होती. दिवाळीची गर्दी ओसरली की सीझनच्या बायकांना घरी पाठवतात. आणि दिवाळीनंतर तिच्या पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जातात, पोराबाळांना घेऊन, ती थेट पावसाच्या तोंडाला परत येतात. ती आणि तिचा नवरा लग्नापासून जात होते. मुलगी चौथीत होती. दर वर्षी अर्धी शाळा बुडायची आणि परत आली की ती मागच्या बाकावर जाऊन बसायची. लीडर म्हणजे परमनंट. वर्षभर काम. मग नवरा पाड्यावरच राहून शेती बघेल, मुलगी शाळेत राहील, भट्टी कायमची सुटेल.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

अडलं होतं रस्त्यावर. सकाळची शिफ्ट उजाडताच सुरू होते. कंपनीची बस अंबाडी नाक्यावरून अंधारातच निघते. तिच्या पाड्यापासून नाका लांब, आणि त्या वेळेला त्या बाजूला ना एसटी, ना रिक्षा. मॅनेजर तसा भला मुलगा. त्यानं सरळ सांगितलं होतं, स्वतःची गाडी आणि लायसन्स दाखवा, पोस्ट तुमची. दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसरीला देतो.

"मना सायकल पन येत न्हाय," धाकटी म्हणाली. "उद्या न्हाय म्हनून सांगते."

"खबरदार!" मी एवढ्या जोरात म्हटलं की पलीकडच्या टेबलावरच्या बायका वळून बघायला लागल्या. "काही नाही वगैरे सांगायचं नाही. गाडी शिकायची. मी शिकवते."

मला स्कूटर येते. वीस वर्षं मी भिवंडीच्या खड्ड्यांतून, कंटेनरच्या मधून स्कूटर चालवतेय. तेव्हा शिकवण्याचा अधिकार माझाच होता, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती. गाडीचा प्रश्न आपानं मिटवला. तिची मुलगी लग्न होऊन मालेगावला गेली होती आणि तिची स्कूटर जिन्याखाली पडून होती. "जंग खा रही है बेचारी. ले जा, चलेगी तो दुआ देगी," आपा म्हणाली. जागा काकीनं दिली. पूर्ण्यात तिच्या घरासमोरच गावदेवीचं देऊळ आहे. देवळाभोवती मोठं मोकळं पटांगण. चहूबाजूंनी गोडाऊनं उभी राहिली, पण गावानं ते पटांगण काही विकलं नाही. जत्रेपुरतं ते भरतं, एरवी तिथे पोरं क्रिकेट खेळतात. पोरांना हाकलायचं काम काकीनं आपल्याकडे घेतलं.

लर्निंग लायसन्स निघालं आणि आमची शाळा सुरू झाली. रोज शिफ्ट सुटली की आम्ही चौघी देवळाशी. धाकटीची एसटी निघेपर्यंत अर्धा तास मिळायचा, मग मी तिला माझ्या गाडीवर स्टँडला सोडायची.

पहिल्याच दिवशी तिनं रेस पिळली आणि गाडी तिला घेऊन जी निघाली ती काकीच्या भावकीतल्या कुणाच्या तरी वैरणीच्या ढिगात जाऊन थांबली. धाकटी वैरणीतून डोकं वर काढून म्हणाली, "ताय, ती आपली आपनच गेली." आपा हसून हसून खाली बसली. मी मात्र हसले नाही, मी शिक्षिका होते. मी गाडीमागे धावायची आणि ओरडायची. "रेस सोड! ब्रेक! अगं ब्रेक! पाय वर घे! समोर बघ, माझ्याकडे काय बघतेस!" काकी देवळाच्या पायरीवर बसून तोंडाला पदर लावायची. नंतर तिनं मला सांगितलं की गावातल्या बाया ते ऐकायला ओट्यावर येऊन बसायच्या.

पण पोरगी हुशार. हळूहळू पाय जमिनीला घासायचे थांबले. मग गाडी डुलायची थांबली. मग एक दिवस तिनं देवळाला अख्खा फेरा मारला, न थांबता, न पडता, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला दम लागला होता. बसली होती गाडीवर, आणि दम तिला लागला होता! आपानं तिची अलाबला घेतली. काकीनं घरातून गूळशेंगदाणे आणले. त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की घरी गेल्यावर नवऱ्याला चहाबरोबर भजी मिळाली.

मग महिना संपेपर्यंत तेच. फेरे, फेरे आणि फेरे. चाळीसचा वेग घेऊन ती देवळाभोवती अशी फिरायची की बघत राहावं. आमच्या मते तिचं शिक्षण पूर्ण झालं होतं.

टेस्टच्या दिवशी मी रजा घेऊन तिच्याबरोबर गेले. तिनं नवी साडी नेसली होती, केसात आपानं दिलेला गजरा. टेस्टच्या मैदानावर जमिनीवर पांढऱ्या रंगानं मोठा आठचा आकडा काढलेला असतो. त्यावरून गाडी न्यायची, पाय खाली टेकवायचा नाही. तिचा नंबर आला. मी कुंपणाबाहेर उभी. पहिलं गोल तिनं इतकं सुरेख घेतलं की माझ्या शेजारच्या एका पोरानं "वा!" म्हटलं. मध्यावर आली आणि दुसऱ्या गोलात जायच्या ऐवजी पुन्हा पहिल्याच गोलात शिरली. मला वाटलं, घाबरली असेल. पुन्हा मध्यावर आली, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा तेच. शेवटी तिथले साहेब हसू दाबत म्हणाले, "बाई, मी आठ काढायला सांगितलाय. तुमचं शून्यच संपत नाहीये."

तिनं मग डावीकडे हँडल वळवलं. गाडी थरथरली, तिचा पाय खाली आला, आणि ती गाडीसकट हळूच आडवी झाली. लागलं काही नाही. साहेब म्हणाले, "चालवता चांगली. पुढच्या आठवड्यात परत या."

परतताना गाडी मी चालवली, ती मागे बसली. पूर्ण्याला उतरल्यावर म्हणाली, "ताय, ऱ्हाऊ द्या. मना न्हाय जमायचा. नवरा म्हनत व्हता, ट्रकवाल्याला नाव द्यायचा हाय. मी देते सांगून."

ट्रकवाला म्हणजे भट्टीचा ट्रक. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना, पण आला. "नाव दिलंस तर बघ," एवढंच म्हटलं आणि तिला हाताला धरून देवळाशी नेलं. काकी आणि आपा शिफ्ट सुटून वाटच बघत होत्या. "दाखव, काय झालं ते दाखव," मी म्हटलं. ती गाडीवर बसली आणि देवळाभोवती फिरली. नेहमीसारखी, झोकात. आम्ही तिघी चक्रावलो. मग यात नापास होण्यासारखं काय आहे?

आपा पायरीवर बसून हवेत बोट फिरवत होती. एक गोल, दुसरा गोल. तिचं बोट थांबलं. "एक बात बताओ," ती म्हणाली, "ये लड़की कभी बाएँ मुड़ी है?"

मी आठवायला लागले. महिनाभर आम्ही इथे होतो. आणि महिनाभर पोरगी फिरत होती ती देऊळ उजव्या हाताला ठेवून. पहिल्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, इकडून जा. का म्हटलं? देऊळ आहे म्हणून. देवळाभोवती दुसऱ्या बाजूनं जायचं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. स्कूटर शिकवता शिकवता आम्ही तिला महिनाभर प्रदक्षिणा घालायला लावल्या होत्या!

आधी आपा हसली. मग मी. मग धाकटी, त्या दिवसात पहिल्यांदाच. "मंजे देवीला माझ्याइतक्या फेऱ्या कुनीच न्हाय घातल्या," ती म्हणाली, आणि आम्ही पोट धरधरून हसलो.

काकी मात्र हसत नव्हती.

"चल," मी धाकटीला म्हटलं, "आता फिर उलटी. आठवडा आहे आपल्याकडे."

"न्हाय," काकी म्हणाली. "देवीला उलटी फेरी न्हाय घालायची."

"अगं काकी, फेरी कुठली? गाडी शिकतेय ती."

"आजवर फेरी झाली ना? मंग आता पन फेरीच. गावान काय झाला तर माझ्या अंगावर येल. मी न्हाय फिरू द्यायची."

दुसरी जागा नव्हती. गोडाऊनच्या आवारात कंटेनर, रस्त्यावर ट्रेलर, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबच खांब. मी काकीला पुष्कळ समजावलं. माझं समजावणं कसं असतं ते मी वर सांगितलंच आहे. शेवटी मी म्हटलं, "एका पोरीची शाळा सुटतेय आणि तुला दिशा सुचतायत!" काकी उठली, पदर झटकला आणि घरात निघून गेली. दार लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत काकी आमच्या टेबलावर आलीच नाही. पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसली. मीही मान वळवली नाही. धाकटी भाकरीचे नुसते तुकडे करत होती. इतकं वाईट जेवण मी त्या गोडाऊनमध्ये कधी जेवले नाही.

आपानं थोडा वेळ हे बघितलं. मग आपला डबा उचलला, जाऊन काकीसमोर बसली आणि तिथून आम्हाला हाक मारली, "आओ इधर, दोनों." आपाचं ऐकायचं असतं. आम्ही गेलो.

"काकी," आपा म्हणाली, "मेरी सास हज करके आई, पता है ना? मैंने पूछा, अम्मी, वहाँ क्या-क्या किया? बोलीं, काबे के चक्कर लगाए. ऐसे." तिनं पाण्याची बाटली टेबलाच्या मध्ये ठेवली आणि तिच्याभोवती बोट फिरवलं. संथपणे, अदबीनं. बाटली बोटाच्या डाव्या हाताला राहील असं.

काकी बघत राहिली. "ह्यो तर उलटा हाय."

"तुमको उल्टा. हमको यही सीधा. सारी दुनिया के लोग वहाँ ऐसे ही घूमते हैं."

काकीनं घास चावता चावता थांबून विचारलं, "मंग तुमचा देव रागावत न्हाय?"

"अरे, उसीने तो बताया है!"

काकी विचारात पडली. बाटलीकडे बघत तिनंही बोट फिरवून बघितलं, एकदा असं, एकदा तसं. मग धाकटीकडे वळली. "आन तुमच्यात कशी फेरी घालतात गो?"

धाकटी लाजली. "आमच्यात फेरीच न्हाय, काकी. देव डोंगरावर हाय. समोर जायचा, काय सांगायचा ते सांगायचा, नारल ठेवायचा, यायचा."

"मंग येवढे दिस माझ्या देवीला कशाला फेऱ्या घालीत व्हतीस?"

"तुमी समद्या म्हनाल्या म्हनून."

काकी हसली. आधी नाकातल्या नाकात, मग जी सुटली ती डोळ्यांना पाणी येईपर्यंत. आणि मग माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी न विचारता आपल्या ताटलीत वाढून घेतली. आमच्यात समेट असाच होतो. "संध्याकाली या," ती म्हणाली. "मी बघते."

संध्याकाळी आम्ही गेलो तर काकी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून तयार. तिनं देवळात जाऊन घंटा वाजवली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात देवीशी बोलली. "आई, ही पोर तुजी प्रदक्षिणा न्हाय करीत, गाडी शिकतं. तू फेरी मोजू नको. आन मोजलीस तर माझ्या नावावर मोज, तिच्या नको." बाहेर आली, धाकटीला म्हणाली, "बस," आणि स्वतः तिच्या मागे बसली. दोन्ही पाय एका बाजूला, हातात पदराचं टोक. "मी संगं हाय. म्हंजे देवीला कलंल, कोनी सांगितला ते."

मी काल या बाईला काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं. जी बाई देवळाला पाठ करून चप्पलसुद्धा घालत नाही, ती दुसऱ्याच्या पोरीच्या शाळेसाठी दोष आपल्या अंगावर घेऊन स्कूटरवर बसली होती. मला तिथल्या तिथे तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण मी जे नेहमी करते तेच केलं. ओरडले. "रेस हळू! अगं, हळू!"

"तू चुप बैठ," आपा म्हणाली. "तू चिल्लाती है तो वो डरती है. महिनाभर बघते मी." आपा मराठीत आली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी पायरीवर बसले आणि पदराचा बोळा करून दातात धरला.

पहिल्या वळणाला गाडी डगमगली. दुसऱ्याला कमी. काकी मागे एका अंगाला बसल्यामुळे गाडी आपोआप डावीकडे कलायची, आणि धाकटीला कळलं की कलली म्हणून गाडी पडत नाही, उलट वळते. काकी मागून सारखी काहीतरी सांगत होती. मला वाटलं, धीर देत असेल. नंतर कळलं की ती गावातल्या सगळ्या सुनांची निंदानालस्ती करत होती, आणि ती ऐकायच्या नादात धाकटी भ्यायचं विसरून गेली होती. तिसऱ्या दिवशी काकी उतरली आणि धाकटी एकटी फिरली. चौथ्या दिवशी आपा म्हणाली, "ज़रा मुझे भी दे," आणि मुलीच्या त्या स्कूटरवर आयुष्यात पहिल्यांदा पुढे बसली. बुरखा खोचून, दोन्ही पाय जमिनीवर ओढत, "या अल्लाह, या अल्लाह" करत तिनं अर्धं पटांगण पार केलं. मागून धाकटी धावत होती. ओरडत नव्हती, नुसती सीट धरून धावत होती. शिकवायचं असं असतं हे मला पायरीवर बसून कळलं, आणि मला त्याचं वाईट अजिबात वाटलं नाही. तोंडात पदर धरून मी इतकी खूश कधीच बसले नव्हते.

टेस्टला या वेळी आम्ही चौघी गेलो. मॅनेजरला काय सांगून सुटलो ते विचारू नका. धाकटीनं उजवं गोल घेतलं. मध्यावर आली. काकीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली. आणि गाडी अलगद डावीकडे कलली, वळली, पूर्ण फिरली, मध्यावर आली. आठ! पांढऱ्या रेघेवर काढलेला, स्वच्छ, गोलमटोल आठ! आम्ही तिघींनी जो आरडाओरडा केला त्यावर साहेब म्हणाले, "अहो बाई, इथे परीक्षा चालू आहे." धाकटी उतरलीच नाही. तिनं साहेबांना विचारलं, "साहेब, आजून एकदा काढू?"

दिवाळी झाली. सीझनच्या बायका घरी गेल्या. त्या आठवड्यात धाकटीच्या पाड्यावर भट्टीचा ट्रक आला. भांडी चढली, कोंबड्या चढल्या, पोरं चढली. तिनंच मला सांगितलं. तिची मुलगी दप्तर पाठीला लावून दारात उभी राहून बघत होती. ट्रक निघून गेला तरी तिला खरं वाटेना. तिनं आईला विचारलं, "आपन न्हाय जायचा?" आई म्हणाली, "न्हाय." मग ती शाळेत गेली. हे सांगताना धाकटी रडत होती आणि हसत होती.

आम्ही तिघींनी सकाळची शिफ्ट मागून घेतली. तिच्या पहिल्या दिवशी मी पहाटे उठून सगळ्या शिफ्टला पुरेल असा शिरा करायला घेतला. हौस दांडगी. बोलायच्या नादात, म्हणजे नवऱ्याशी, रवा करपला. पुन्हा भाजायला घेतला. मोठा डबा स्कूटरला बांधून मी गोडाऊनमध्ये शिरले तेव्हा शिफ्ट सुरू झाली होती. सगळ्या बायका ओळीत उभ्या होत्या, आणि पुढे धाकटी. अंगात लीडरचं पिवळं जॅकेट, तिला जरा मोठंच. जिचा आवाज जेवणाच्या टेबलावर ऐकू यायचा नाही, ती साठ बायकांसमोर उभी राहून आजचं काम सांगत होती.

मी डबा घेऊन तशीच हसत पुढे गेले. मनात म्हटलं, आता बघ कशी खूश होते.

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. पण आवाज सरळ आला, मागच्या ओळीपर्यंत.

"ताय, उशीर झाला तुमाला. उद्यापासून टायमावर यायचा. जावा, लाइनीत उभ्या ऱ्हावा."

मला आजवर भर लोकांत कुणी असं बोललेलं नाही. सासूबाईसुद्धा नाही. क्षणभर तोंड उघडलं, सवयीनं. मग माझ्या ध्यानात आलं की ही मला रागावतेय. आमची धाकटी, मला! आणि मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

"सॉरी, मॅडम," मी म्हटलं, आणि डबा घेऊन ओळीत जाऊन उभी राहिले.

शेजारी आपा होती. ती समोर बघतच कुजबुजली, "डाँट पड़ी?"

"पडली," मी म्हटलं, आणि साठ बायकांत माझ्याइतकी ताठ मान कुणाचीच नव्हती.